जागा क्रमांक २९२

ऐरोलीच्या पुलाखालून वाहणारं ठाणे खाडीचं पाणी बहुतेक दिवस गढूळ, पिवळट तपकिरी असतं. चिखलाचे तरंगते कण आणि खारफुटीच्या कुजलेल्या पानांतून विरघळलेली रंगद्रव्यं निळा प्रकाश आधी शोषून घेतात. हातभर खोलीवर जे काही उरतं ते पिवळ्या-लाल बाजूचं. हाच अरबी समुद्र मुंबईसमोरचा रुंद उथळ खंडमंच ओलांडून, किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, अगदी उलटा वागतो. तिथे तांबडा प्रकाश पहिल्या काही दहा मीटरांतच संपतो, मग पिवळा, मग हिरवा. दोनशे मीटरांवर ४७५ नॅनोमीटरच्या आसपासची निळ्या प्रकाशाची अरुंद पट्टी तेवढी शिल्लक राहते. हजार मीटरांखाली कुठल्याही डोळ्याला पुरेल इतका सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तिथे जो उजेड असतो तो प्राण्यांनी स्वतः तयार केलेला, आणि तोही बहुतांशी निळाच.

या निळ्या अंधारात उतरलेले मासे एकमेकांचे नातेवाईक नाहीत. वेगवेगळ्या कुळांतले मासे, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पाण्यांत खोल गेले. तरीही त्यांच्या डोळ्यांतलं एक प्रथिन उघडून पाहिलं तर त्याच जागी तोच बदल पुन्हा पुन्हा सापडतो. उत्क्रांतीच्या अभ्यासात पुराव्यानिशी हाती लागलेली इतकी स्वच्छ उदाहरणं फार थोडी आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यावं असं मनापासून वाटतं. नीट म्हणजे, 'निसर्ग किती हुशार' असं म्हणून पुढे न जाता, बदल कुठे झाला, त्याने नेमकं काय साधलं आणि तो खरंच स्वतंत्रपणे झाला का, हे तिन्ही प्रश्न वेगळे ठेवून.

मंद प्रकाशात पाहण्याचं काम दृष्टिपटलातल्या दंडपेशी करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. त्याचे भाग दोन. एक ऑप्सिन हे प्रथिन, आणि दुसरा त्याच्या पोटात बसलेला रेटिनल, जीवनसत्त्व अ पासून बनलेला छोटा रेणू. प्रकाशकण धडकला की वाकडा बसलेला रेटिनल सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. प्रथिनाचे सात सर्पिलाकार खांब पेशीच्या पटलातून आरपार जातात. रेटिनल सातव्या खांबावरच्या लायसिनला, म्हणजे २९६ क्रमांकाच्या अमिनो आम्लाला (प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याला) जोडलेला असतो. हे क्रमांक गाईच्या ऱ्होडॉप्सिनवरून घेतात. त्यात ३४८ अमिनो आम्लं आहेत, आणि मासा असो की देवमासा, सगळ्यांच्या जागा त्याच मापाने मोजायचा संकेत आहे. माशांचं ऱ्होडॉप्सिन शेपटाकडे थोडं लांब असतं, त्यामुळे शेवटाकडून मोजत गेल्यास आकडे चुकतात. सुरुवातीपासून, गाईच्या क्रमाशी जुळवूनच मोजावं.

रेटिनल सगळ्यांचा सारखाच असला तरी तो कुठल्या रंगाला सर्वांत जास्त दाद देईल हे त्याच्या भोवतीची अमिनो आम्लं ठरवतात. उथळ पाण्यातल्या माशांत दंडपेशींचं शोषण साधारण ५०० नॅनोमीटरला शिखर गाठतं. खोल समुद्रातल्या माशांत ते ४७० ते ४९० च्या पट्ट्यात सरकलेलं असतं. डेंटन आणि वॉरन यांनी १९५७ साली खोल समुद्रातल्या माशांच्या दृष्टिपटलांतलं हे रंगद्रव्य मोजलं. अंधारात ठेवलेलं ते पटल नेहमीच्या गुलाबीऐवजी सोनेरी दिसतं, म्हणून त्याला क्रिसॉप्सिन असं नाव पडलं. बदल कुठल्या अमिनो आम्लात आहे हे कळायला मात्र जनुकं वाचण्याचं तंत्र हाती यावं लागलं.

ती जागा निघाली २९२. लायसिनच्या चार पायऱ्या अलीकडे, म्हणजे सर्पिलाचा एक वेढा सोडून, रेटिनलच्या जोडाला अगदी लागून. उथळ पाण्यातल्या माशांत तिथे सहसा अ‍ॅलनिन असतं, लहानसं आणि निर्विकार. खोल पाण्यातल्या अनेक माशांत तिथे सेरीन दिसतं. दोघांत फरक एका ऑक्सिजनचा. सेरीनच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो आणि त्याच्यावर विद्युतभाराची थोडी ओढाताण असते. रेटिनलच्या जोडावर धनभार असतो. शेजारचा हायड्रॉक्सिल त्या भाराला शांत अवस्थेत अधिक स्थिर करतो, आणि त्यामुळे रेटिनलला उत्तेजित करायला थोडी जास्त ऊर्जा लागते. जास्त ऊर्जा म्हणजे लहान तरंगलांबी, म्हणजे निळ्याकडे सरकणं. हा एकटा बदल शिखर सुमारे १० नॅनोमीटरने हलवतो.

जनुकाच्या भाषेत तर तो आणखी किरकोळ आहे. तिथे डीएनएची तीन अक्षरं मिळून एका अमिनो आम्लाचा संकेत होतो. अ‍ॅलनिनचा संकेत जी-सी ने सुरू होतो, सेरीनचा एक संकेतगट टी-सी ने. तिसरं अक्षर कुठलंही असो, पहिल्या अक्षरातला जी जाऊन टी आला की काम झालं.

हे कुठे कुठे घडलं ते पाहू. सुगावारा आणि ओकादा यांच्या गटाने २००५ मध्ये आफ्रिकेतल्या टांगानिका आणि मलावी या दोन सरोवरांतले सिक्लिड मासे तपासले. ही दोन्ही सरोवरं खोल, टांगानिका १,४७० मीटर आणि मलावी ७०० मीटर, पण दोघांचे खालचे थर प्राणवायूविना असल्यामुळे मासे वरच्या दोनशे-अडीचशे मीटरांतच राहतात. दोन्हीकडच्या खोलीतल्या जातींत २९२ वर सेरीन आढळलं, उथळ भागातल्या नात्यातल्या जातींत अ‍ॅलनिन. रशियातल्या बैकाल सरोवराची गोष्ट याहून सुंदर आहे. तिथे काठापासून तळापर्यंत, म्हणजे सुमारे १,६०० मीटरांपर्यंत, एकाच गटातले कॉटॉइड मासे राहतात. त्यांच्या दंडपेशींचं शिखर काठावर ५१६ नॅनोमीटर आणि तळाशी ४८४. मधल्या जाती पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातात. हंट, बोमेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की या पायऱ्या ८३, २६१ आणि २९२ या मोजक्या जागांवरच्या बदलांनी बनल्या आहेत. कोमोरोस बेटांजवळ दोनेकशे मीटर खोलीवर राहणारा सीलाकांथ हा माशांच्या अतिशय जुन्या शाखेचा प्रतिनिधी. त्याच्याही ऱ्होडॉप्सिनमध्ये २९२ वर सेरीन आहे, सोबत १२२ वर ग्लुटामिक आम्लाच्या जागी ग्लुटामिन, आणि शिखर ४८५. योकोयामा यांच्या गटाने हे १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. आणि देवमासे तर मासेच नव्हेत. जमिनीवरून पाण्यात परतलेल्या या सस्तन प्राण्यांत खोल बुडी मारणाऱ्या जातींनी ८३ आणि २९२ याच जागा वापरल्या.

इतक्या वेळा तीच जागा का? ऱ्होडॉप्सिनला एकाच वेळी अनेक कामं सांभाळायची असतात. पटलात नीट घडी पडून बसायचं, अंधारात अजिबात चालू व्हायचं नाही, प्रकाश पडताच झटक्यात चालू व्हायचं, पुढच्या प्रथिनाला नेमकं पकडायचं, आणि मग रेटिनल सोडून पुन्हा भरून घ्यायचं. ठाण्यातल्या जुन्या चाळीतली खोली मोठी करताना प्रत्येक भिंत पाडता येत नाही. बहुतेक भिंतींवर वरचा मजला उभा असतो, हात लावण्याजोग्या दोन-तीनच निघतात, आणि म्हणून वेगवेगळ्या घरांतले गवंडी त्याच भिंतीला हात घालतात. ३४८ पैकी रंग बदलू शकतील अशा जागा काही डझन असतील, पण बाकीचं काम न बिघडवता, एका अक्षराच्या बदलात, १० नॅनोमीटर देणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पुनरावृत्तीचं कारण वाटा थोड्या असणं हे आहे. मासा 'ठरवून' त्या वाटेने गेला असं म्हणण्याची गरजच उरत नाही.

मग १० नॅनोमीटरने मिळतं तरी काय? हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण तो केल्यावर गोष्ट जितकी सरळ वाटते तितकी राहत नाही. दृश्य रंगद्रव्यांच्या शोषणाचा आलेख सर्वांचा जवळपास एकाच आकाराचा असतो आणि त्याचं सूत्र उपलब्ध आहे. ४७५ नॅनोमीटरच्या प्रकाशात शिखर ५०० असलेलं रंगद्रव्य आपल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ८६ टक्के काम करतं, तर शिखर ४८० असलेलं ९९ टक्के. म्हणजे २० नॅनोमीटर सरकून साधारण १५ टक्क्यांचा फायदा. अंधारात प्रत्येक प्रकाशकण मोलाचा, त्यामुळे हा फायदा मोठाच. पण हा आकडा पातळ थराचा आहे. खोल समुद्रातल्या माशांच्या दंडपेशी लांबलचक असतात, काही जातींत तर त्यांचे थरावर थर रचलेले असतात. पेशी इतकी लांब असेल की शिखरावरचा दहापैकी एकच कण आरपार निसटतो, तर जुनं रंगद्रव्य एकूण ८६ टक्के कण पकडेल आणि नवं ९० टक्के. फायदा चार टक्क्यांवर आला. थर आणखी वाढवले तर तोही जवळपास नाहीसा होतो.

म्हणूनच 'निळं पाणी, निळा डोळा' एवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. आणखी दोन कारणं यात आहेत आणि ती या विषयाच्या लोकप्रिय वर्णनांत फार क्वचित येतात.

पहिलं, गोंगाट. ऱ्होडॉप्सिनचा रेणू कधीतरी प्रकाशाशिवाय, नुसत्या उष्णतेने चालू होतो. एका रेणूच्या बाबतीत हे शेकडो वर्षांत एखाद्या वेळी घडतं, पण एका दंडपेशीत असे कोट्यवधी रेणू असतात, त्यामुळे पेशीला मिनिटामिनिटाला खोटी सूचना मिळते. अगदी मंद प्रकाशात खरी सूचना आणि खोटी सूचना ओळखणं हीच दृष्टीची मर्यादा ठरते. बार्लो यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना अशी की लांब तरंगलांबीला दाद देणारी रंगद्रव्यं उष्णतेने अधिक सहज चालू होतात. ती खरी धरली तर निळ्याकडे सरकणं म्हणजे गोंगाट कमी करणं, आणि हा फायदा पेशी कितीही लांब असली तरी टिकून राहतो.

दुसरं कारण ८३ या जागेशी जोडलेलं आहे. तिथे सामान्यतः अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. खोल पाण्यातल्या अनेक माशांत आणि देवमाशांत त्या जागी अ‍ॅस्पॅराजिन येतं. तेही एका अक्षराने, जी च्या जागी ए. रंगावर त्याचा परिणाम थोडासाच. पण सुगावारा यांच्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं की या बदलाने ऱ्होडॉप्सिन आपल्या सक्रिय रूपात, म्हणजे मेटा-दोन या अवस्थेत, अधिक वेगाने पोहोचतं. पुढच्या प्रथिनाला संदेश देणारं रूप हेच. रंग जवळपास न बदलता संदेश लवकर पोहोचतो. खोलीने डोळ्यासमोर रंगाचा एकच प्रश्न ठेवला होता असं धरून बसलो तर ८३ चा अर्थच लागत नाही.

एकाच बदलाचा परिणाम सगळीकडे सारखा असतो असंही नाही. १२२ वरचा बदल गाईच्या ऱ्होडॉप्सिनमध्ये एकटाच शिखर सुमारे २० नॅनोमीटरने हलवतो, ५०० वरून ४८० वर. सीलाकांथमध्ये तोच बदल २९२ च्या जोडीने येऊनही शिखर ४८५ च्या खाली जात नाही. शेजारपाजारची अमिनो आम्लं वेगळी असली की त्याच बदलाचं वजन वेगळं पडतं. म्हणून नुसता क्रम वाचून 'या माशाचं शिखर अमुक' असं लिहू नये. तो अंदाज आहे. मोजमाप वेगळं करावं लागतं.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे. ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या जीवतंत्रज्ञान विभागाला हे काम झेपण्यासारखं आहे, त्यासाठी जहाज लागत नाही. कारण माशांच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. बहुतेक माशांच्या डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिनचं जनुक अखंड आहे, त्यात मध्ये मध्ये येणारे निरर्थक तुकडे नाहीत. त्यामुळे डोळा काढून आरएनए मिळवण्याची गरज पडत नाही. पराचा किंवा मांसाचा तुकडा, त्यातला डीएनए आणि साधी पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) पुरते. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात मिळणारे मासेही यासाठी उपयोगाचे आहेत. बोंबील घ्या. हा उथळ, गढूळ पाण्यातला मासा ज्या गणातला आहे, त्याच गणाच्या कितीतरी शाखा खोल समुद्रात उतरल्या. त्याच कुळातला चोर बोंबील तळालगत राहतो. खाडीतला बोय, शिंगाळा, गोड्या-खाऱ्या पाण्यात ये-जा करणारा जिताडा आणि बाहेरच्या समुद्रातली वाकटी, एवढे घेतले तरी तुलनेला चांगला पाया मिळतो.

बाजारातल्या माशाचा नमुना घेताना सर्वांत जास्त चूक होते ती भेसळीची. एकाच पाटावर, एकाच कोयत्याने पाच जातींचे मासे कापलेले असतात आणि पाण्याने धुतलेले असतात. म्हणून मासा अख्खा घ्यावा, मावशींना साफ करू नका असं आधीच सांगावं. कातडी बाजूला करून आतल्या मांसाचा साधारण २५ मिलीग्रॅमचा तुकडा नव्या पात्याने काढावा आणि त्याच्या दहापट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकावा. मोठा तुकडा टाकला तर इथेनॉल आतपर्यंत पोहोचत नाही आणि मध्यभाग सडतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला संग्रहालयातला नमुना या कामाला जवळपास निकामी, कारण फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं आणि प्रथिनांशी त्याचे जोड बांधतं. बर्फातल्या माशाच्या डोळ्यातून आरएनए मिळवायचा प्रयत्नही करू नये, तो तासाभरात खराब होऊ लागतो. आरएनए हवाच असेल तर जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाच्या बुबुळाला छेद देऊन डोळा संरक्षक द्रावात बुडवावा. छेद न दिल्यास द्राव आत शिरत नाही आणि दृष्टिपटल वाया जातं. जात कुठली हे नुसतं पाहून ठरवू नये. त्याच डीएनएमधून सीओआय या, जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून खात्री करावी.

ऱ्होडॉप्सिनचा तुकडा असा निवडावा की त्यात २४७ ते ९०० ही अक्षरं येतील. ८३ पासून २९९ पर्यंतच्या सगळ्या महत्त्वाच्या जागा त्यात बसतात. दोन्ही बाजूंनी वाचन करावं, कारण वाचनाच्या टोकाकडची अक्षरं विश्वासार्ह नसतात आणि २९२ नेमकी टोकाजवळ येते. मग क्रम प्रथिनात भाषांतरित करून गाईच्या ऱ्होडॉप्सिनशी जुळवावा. गाईचा क्रम युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यात पी०२६९९ या क्रमांकावर मिळतो. प्रथिनाच्या क्रमात प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक इंग्रजी अक्षर लिहितात. जागा झटपट ओळखायची खूण अशी: एफ-एफ-ए-के ही चार अक्षरं शोधावीत. त्यातलं के म्हणजे २९६ चं लायसिन, आणि पहिल्या एफ च्या आधीचं अक्षर म्हणजे २९२. तिथे ए असेल तर अ‍ॅलनिन, एस असेल तर सेरीन. त्याच धर्तीवर एन-एल-ए-व्ही-ए नंतरचं अक्षर ८३ चं. डी असेल तर जुनं, एन असेल तर बदललेलं.

वाचनालेखात एकाच जागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर घाईने 'खराब वाचन' म्हणून फेकू नये. माशाला आईकडून एक आणि बापाकडून दुसरी आवृत्ती मिळालेली असू शकते. किंवा त्या जातीत जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतील. शोधण्यासारखं बरंच काही अशाच जागी हाती लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि माझ्या मते याच पायरीवर बहुतेक जण घसरतात. दोन माशांत २९२ वर सेरीन सापडलं म्हणजे ते दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झालं असं सिद्ध होत नाही. त्यामागे तीन वेगळे इतिहास असू शकतात. बदल खरंच दोनदा नव्याने घडला असेल. किंवा दोघांच्या सामाईक पूर्वजांत तो आधीपासूनच काही माशांत होता, आणि खोलीत उतरणाऱ्या दोन्ही वंशांत निवड होऊन तोच पुढे आला. किंवा एका वंशात घडला आणि संकरातून दुसऱ्यात पोहोचला. तिन्हींचं शेवटचं चित्र एकच, पण अर्थ वेगळे. पहिल्या इतिहासातून कळतं की प्रथिनाच्या वाटा किती थोड्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यातून कळतं की जुना साठा किंवा उसना माल किती कामाचा असतो.

हे वेगळं करायचं कसं? एका अक्षराकडे पाहू नये, त्याच्या आजूबाजूला पाहावं. प्रथिनात फरक न करणारी शेजारची अक्षरं आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंचा काही हजार अक्षरांचा पट्टा दोन्ही माशांत वेगळा असेल आणि प्रत्येकाचा पट्टा त्याच्याच उथळ पाण्यातल्या नातेवाइकांशी जुळत असेल, तर बदल स्वतंत्र. अख्खा पट्टाच दोघांत सारखा असेल, तर तो सामाईक किंवा उसना. माशांचा वंशवृक्ष मात्र ऱ्होडॉप्सिनवरून कधीही काढू नये. तो जनुकाचा तुकडा सहज मिळतो म्हणून वर्गीकरणासाठी सर्रास वापरला गेला, पण समांतर बदलांमुळे खोल पाण्यातले परके मासे त्यात एकत्र येऊन बसू शकतात, आणि मग जे सिद्ध करायचं तेच झाकलं जातं. वृक्ष दृष्टीशी संबंध नसलेल्या जनुकांवरून, शक्य असेल तर संपूर्ण जनुकसंचावरून काढावा आणि त्यावर २९२ चे बदल मांडावेत.

मलावी सरोवराने हा धडा ठळकपणे दिला. तिथल्या सिक्लिड माशांचे संपूर्ण जनुकसंच २०१८ मध्ये मालिन्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्या सरोवरात खोलीत उतरलेले दोन वेगळे गट आहेत. एक खुल्या पाण्यातला डिप्लोटॅक्सोडॉनचा, दुसरा तळाशी राहणाऱ्यांचा. दोघांत निवडीच्या खुणा दृष्टीच्या जनुकांवर आणि हिमोग्लोबिनवर एकत्र आढळल्या. अंधार आणि प्राणवायूची टंचाई ही खोलीची दोन तोंडं आहेत, आणि दोन्हींना माशाने एकदमच उत्तर दिलं. पण त्यांतल्या काही आवृत्त्या दोन्ही गटांत इतक्या सारख्या आहेत की स्वतंत्र उगमापेक्षा सामाईक साठा किंवा जुना संकर हेच स्पष्टीकरण अधिक पटतं. या सरोवरातल्या जाती एकमेकींशी संकर करत आल्या आहेत हे त्याच अभ्यासाने दाखवलं. मलावी आणि टांगानिका यांच्यात मात्र असा देवाणघेवाणीचा रस्ता मिळणं अवघड, आणि बैकालचा कॉटॉइड, सीलाकांथ आणि देवमासा यांच्यात तर अशक्यच. तिथला बदल स्वतंत्र, यात शंका नाही.

अरबी समुद्राच्या बाबतीत हे हिमोग्लोबिनचं प्रकरण विशेष लक्ष देण्यासारखं आहे. आपल्या समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंत प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड थर पसरलेला आहे, जगातल्या सर्वांत तीव्र थरांपैकी एक. तिथेच बेन्थोसेमा वंशातल्या कंदीलमाशांचे प्रचंड थवे दिवसभर राहतात आणि रात्री वर येतात. अंधार आणि गुदमरणं दोन्ही एकाच वेळी सोसणाऱ्या या माशांत डोळ्याची आणि रक्ताची जनुकं एकत्र वाचली पाहिजेत. एकट्या ऱ्होडॉप्सिनवर थांबणं म्हणजे अर्धाच मासा पाहणं.

खोलीची वाट उलट दिशेनेही चालते, आणि तिथेही तीच शिस्त दिसते. बाल्टिक समुद्राचं पाणी विरघळलेल्या रंगद्रव्यांमुळे तांबूस बाजूचा प्रकाश पुढे सोडतं. अटलांटिकमधून तिथे गेलेल्या हेरिंग माशात २६१ या जागी फेनिलअ‍ॅलनिन जाऊन टायरोसिन आलं आणि शिखर सुमारे १० नॅनोमीटरने तांबड्याकडे सरकलं. बाल्टिकचं आजचं निमखारं रूप काही हजार वर्षांचंच, तेवढ्यात हे घडलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,००० हून अधिक जातींचे क्रम तपासले, तेव्हा हाच बदल किमान वीस वेळा स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं, आणि गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यातल्या जवळपास एक तृतीयांश जातींत तो होता. ठाणे खाडीतल्या बोय-शिंगाळ्याचा क्रम हाती आला की २९२ च्या आधी २६१ पाहावी. डब्ल्यू-एल-पी-वाय या खुणेतल्या डब्ल्यू च्या चार अक्षरं आधी ती येते.

गोड्या पाण्यातल्या माशांत आणखी एक फसवी गोष्ट असते. त्यांतले बरेच मासे रेटिनलच बदलतात. जीवनसत्त्व अ-१ पासून बनलेल्याऐवजी अ-२ पासूनचा रेटिनल वापरला की तेच प्रथिन वीसेक नॅनोमीटरने तांबड्याकडे सरकतं, आणि हे ऋतूनुसार, वयानुसार होऊ शकतं. सायपी२७सी१ हे विकर ते रूपांतर घडवतं. त्यामुळे डोळ्यातून थेट मोजलेलं शिखर आणि जनुकावरून काढलेला अंदाज जुळला नाही तर दोष जनुकाच्या वाचनात शोधण्याआधी रेटिनल कुठला होता ते पाहावं.

प्रथिनाचं शिखर खात्रीने मोजायचं तर ते पेशीत बनवावं लागतं. माशाचं जनुक वाहकात (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएत) घालून त्याच्या शेवटी गाईच्या ऱ्होडॉप्सिनची शेवटची नऊ अमिनो आम्लं जोडतात, म्हणजे वन-डी-फोर हे प्रतिपिंड त्याला पकडू शकतं. एचईके २९३ या मानवी पेशींत ते घालून साधारण दोन दिवस वाढवतात. मग पेशी गोळा करून ११-सिस, म्हणजे वाकड्या रूपातला रेटिनल मिसळतात, साबणासारख्या सौम्य अपमार्जकाने प्रथिन सोडवतात आणि प्रतिपिंडाच्या स्तंभावर शुद्ध करतात. रेटिनल मिसळल्यापासून पुढचं सगळं काम मंद तांबड्या दिव्यात. कुणी चुकून दार उघडून ट्यूबलाइट लावली की नमुना संपला. आधी अंधारात शोषण मोजायचं, मग उजेड दाखवून पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची वजाबाकी करायची. खरं ऱ्होडॉप्सिन असेल तर ५०० जवळचं शिखर जाऊन ३८० जवळ नवं उगवतं. तसं झालं नाही तर मोजलेलं शिखर ऱ्होडॉप्सिनचं नव्हतंच. शुद्धता पाहण्यासाठी २८० आणि ५०० वरच्या शोषणाचं गुणोत्तर काढतात. चांगल्या नमुन्यात ते १.६ च्या आसपास येतं. ३ किंवा ४ आलं तर बरंचसं प्रथिन रेटिनलविना किंवा चुकीच्या घडीचं आहे. खोल पाण्यातल्या माशांची प्रथिनं थंडीची सवय असलेली, त्यामुळे ३७ अंशांना पेशींत ती नीट घडी घेत नाहीत असा प्रसंग येतो. अशा वेळी तापमान खाली आणून पाहावं. आणि शेवटी उलटी चाचणी हवीच. सेरीनच्या जागी पुन्हा अ‍ॅलनिन घालून शिखर मागे ५०० कडे येतं का ते पाहायचं. ही चाचणी न करता '२९२ मुळे झालं' असं लिहिणं म्हणजे निव्वळ सहवासावरून कारण ठरवणं.

थोड्या वाटा असतात असं वर म्हटलं. एका माशाने मात्र वाटांची संख्याच वाढवली. मुसिलोवा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०१ माशांचे जनुकसंच तपासले, तेव्हा डिरेट्मस अर्जेंटियस या चंदेरी माशात दंडपेशींच्या ऑप्सिनच्या ३८ प्रती सापडल्या. बहुतेक कशेरुकी प्राण्यांत ती एकच असते. त्यांतल्या १४ पर्यंत प्रती डोळ्यात प्रत्यक्ष वापरल्या जातात. या रंगद्रव्यांची शिखरं ४४४ पासून ५१९ नॅनोमीटरपर्यंत पसरलेली आहेत, म्हणजे वरून झिरपणारा उरलासुरला उजेड आणि शेजाऱ्यांचे निळे-हिरवे दिवे दोन्ही त्या पट्ट्यात येतात. प्रती वाढवण्याची हीच युक्ती कंदीलमाशांच्या आणि ट्यूब-आय माशाच्या वंशांतही स्वतंत्रपणे दिसली, फक्त कमी प्रमाणात. जनुकाची जादा प्रत असली की एकीने जुनं काम सांभाळायचं आणि दुसरीने बदल सोसायचे हे शक्य होतं. पण त्या प्रतींमधले बदलही बहुतांशी रेटिनलभोवतीच्या ओळखीच्याच जागांवर पडतात.

अशा माशांचे जनुकसंच जोडताना संगणक एकसारख्या प्रती एकावर एक रचून एकच प्रत दाखवतो. छोट्या तुकड्यांच्या वाचनात ३८ प्रती ५ किंवा ६ वाटू शकतात. त्या भागावर वाचनांची गर्दी बाकीच्या जनुकसंचाच्या कितीपट आहे हे मोजलं की संशय घेता येतो, आणि दहा-वीस हजार अक्षरांची लांब वाचनं मिळाली की प्रत्येक प्रत वेगळी दिसते. अरबी समुद्रातल्या कंदीलमाशांवर काम सुरू करताना पहिल्याच नमुन्याला लांब वाचनाचा खर्च करावा. नंतर ती दुरुस्ती फार महागात पडते.